मजुरीचा भाव कोण काढतो?

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ऑक्सनार्ड नावाचं गाव आहे. लिंबाच्या बागा, भाजीपाला, साखरबीट असा तेव्हा तो सगळा पट्टा. १९५८ साली तिथल्या स्थानिक मजुराला शेतावर काम हवं असेल, तर आधी शेजारच्या व्हेंचुरा शहरातल्या सरकारी कचेरीत जाऊन चिठ्ठी आणावी लागे. शेतावर काम पहाटे सुरू होई. चिठ्ठी घेऊन माणूस परत येईतो त्या दिवशीच्या टोळ्या ट्रकमध्ये बसून निघून गेलेल्या असत. चिठ्ठी त्या दिवसापुरतीच चाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा व्हेंचुरा, पुन्हा रांग, पुन्हा रिकाम्या हाताने घर.

ट्रकमधून गेलेले मजूर मेक्सिकोहून करारावर आणलेले असत. त्यांना ब्रासेरो म्हणत. स्थानिक माणूस मिळत नसेल तरच ब्रासेरो घ्यायचा, असं कायदा सांगत होता. हा कायदा शेतावर रोज कसा मोडला जातो, याचे पुरावे सेझर चावेझ नावाचे एक तरुण कार्यकर्ते तिथे गोळा करत होते. बेकार मजुरांना घेऊन ते पुन्हा पुन्हा व्हेंचुराला जात, चिठ्ठ्या जपून ठेवत, कुणाला कधी परत पाठवलं ते लिहून काढत. चावेझ यांचे आजोबा मेक्सिकोतूनच आलेले.

बाहेरून माणसं आली की इथल्यांची मजुरी पडते का, रोजगार जातो का, या प्रश्नावरून अमेरिकेत आज रण माजलं आहे. त्यात ऑक्सनार्डच्या चिठ्ठ्या कुणाला आठवत नाहीत. मला त्या फार महत्त्वाच्या वाटतात. त्यांतली तक्रार खरी आहे: हातचं काम गेलं, भाव पडला. तक्रार करणारा आणि ज्याच्यामुळे तक्रार आहे तो, दोघांची भाषा एक, आडनावं एक, घरातली ग्वादालुपेची माता एक. म्हणजे हे भांडण परक्या वंशाच्या भीतीतून उठलेलं नव्हतं. ते मजुरीचं भांडण होतं, आणि म्हणूनच मजुरी नेमकी कशाने पडते हे त्यातून जास्त स्वच्छ दिसतं.

ब्रासेरो योजना सुरू झाली ती ४ ऑगस्ट १९४२ च्या अमेरिका-मेक्सिको कराराने. दुसरं महायुद्ध चालू होतं, तरुण पोरं सैन्यात आणि कारखान्यांत गेली होती, शेतात माणूस नव्हता. मजुरांची पहिली तुकडी त्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियात स्टॉकटनला साखरबीट काढायला आली. युद्ध संपलं, योजना संपली नाही. १९५१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तिला नवा कायदा करून दिला आणि ती १९६४ च्या अखेरपर्यंत चालली. बावीस वर्षांत पंचेचाळीस लाखांहून अधिक करार झाले. एकेक माणूस अनेकदा यायचा, त्यामुळे माणसं त्याहून कमी. ऐन भरात, १९५६ साली, एका वर्षात सव्वाचार लाखांच्या वर माणसं आली.

करार वाचला तर चांगला वाटतो. किमान मजुरी, राहायला जागा, जाण्यायेण्याचं भाडं, कराराच्या मुदतीतल्या तीन चतुर्थांश दिवसांच्या कामाची हमी. प्रत्यक्षात माणूस आपल्या गावातून निघतानाच यादीत नाव लागावं म्हणून कुणाचे तरी हात ओले करत असे. मग सीमेवरचं भरती केंद्र. टेक्सासमध्ये एल पासोजवळ सोकोरो इथलं रिओ व्हिस्टा हे असं एक मोठं केंद्र. अशा केंद्रांत माणसांना उघडं करून रांगेत उभं करत आणि अंगावर डीडीटीची भुकटी फवारत. तळहात तपासत, घट्टे आहेत की नाहीत ते बघायला. घट्टे नसले तर हा शेतातला माणूस नव्हे. १९५६ मध्ये छायाचित्रकार लिओनार्ड नडेल यांनी हे सगळं टिपलं. ते फोटो आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. त्यातली एक गोष्ट डोळ्यांपुढून हलत नाही: फवारणी चालू असताना माणसं डोळे मिटून उभी आहेत, आणि फवारणाऱ्याच्या तोंडाला मात्र मुखवटा आहे.

शेतावर गेल्यावर लेट्यूस आणि बीटच्या विरळणीसाठी हातात आखूड दांड्याचं अवजार मिळे. मजूर त्याला ‘एल कोर्तितो’ म्हणत. दांडा हातभरही नाही, त्यामुळे दिवसभर कंबरेतून वाकून राहावं लागे. मुकादमाला लांबूनच कळे, कोण सरळ उभा राहिला ते. या अवजारावर कॅलिफोर्नियात बंदी यायला १९७५ साल उजाडलं. योजनेच्या पहिल्या काही वर्षांत मजुरीतले दहा टक्के कापून मेक्सिकोतल्या बँकांत जमा केले जात, घरी परतल्यावर मिळतील या बोलीवर. पुष्कळांना ते कधीच मिळाले नाहीत. २००८ मध्ये अमेरिकी न्यायालयातल्या तडजोडीनंतर मेक्सिको सरकारने अमेरिकेत राहणाऱ्या जुन्या ब्रासेरोंना किंवा त्यांच्या वारसांना प्रत्येकी ३८ हजार पेसो द्यायचं कबूल केलं. अट एवढीच की त्या काळचे कागद दाखवायचे. साठ वर्षांपूर्वीचे.

पण मजुरीवर सगळ्यात जास्त परिणाम करणारी गोष्ट यातली कुठलीच नव्हती. ब्रासेरो ज्या मालकाच्या करारावर आला, त्याला सोडून दुसरीकडे जाऊ शकत नसे. शेजारच्या मळ्यात जास्त भाव मिळतो हे दिसत असूनही नाही. गेला तर बेकायदा ठरला, मेक्सिकोत परत. मजुरी ‘प्रचलित दराने’ द्यायची असा नियम होता, आणि प्रचलित दर हंगामाच्या तोंडावर बागायतदारांच्या संघटना आपापसांत बसून ठरवत. त्या दराला स्थानिक माणूस फिरकला नाही की मजुरांचा तुटवडा आहे असं जाहीर होई, आणि ब्रासेरो मंजूर होत. मेक्सिकोत जन्मलेले कामगार नेते आणि अभ्यासक अर्नेस्टो गलार्झा यांनी छावण्या हिंडून, मजुरांशी बोलून ही सगळी यंत्रणा १९५६ मध्ये चव्हाट्यावर मांडली. भाव काढणारा एकच, आणि ज्याचा भाव निघतो त्याला बाजारातून उठून जायची मुभा नाही. अशा ठिकाणी स्थानिकाची मजुरी दबली नसती तरच नवल.

१७ सप्टेंबर १९६३ ला कॅलिफोर्नियात सॅलिनासजवळ चुआलार इथे सेलेरी कापून परतणाऱ्या मजुरांचा ट्रक रेल्वे फाटकावर मालगाडीखाली सापडला. साध्या ट्रकवर छत टाकून बाकडी बसवलेली. आत ५८ माणसं. ३२ गेली. मालगाडीच्या वाघिणींत साखरबीट होतं. चौकशी गलार्झा यांनीच केली. योजनेविरुद्धचा आवाज या अपघाताने फार मोठा झाला, पण वॉशिंग्टनमध्ये निर्णय झाला तो मुख्यतः मजुरीच्या मुद्द्यावर. अध्यक्ष केनेडी यांनी १९६१ मध्ये मुदतवाढीवर सही करतानाच म्हटलं होतं की या योजनेमुळे देशातल्या शेतमजुरांच्या वेतनावर आणि रोजगारावर वाईट परिणाम होतो. ब्रासेरो गेले की मजुरी वाढेल, अमेरिकी माणूस शेतात परत येईल, असा हिशेब होता. ३१ डिसेंबर १९६४ ला योजना बंद झाली.

लासलगावात कांद्याची आवक घटली की भाव चढतो, तसाच हा हिशेब. पण कांदा बाजारात येऊन खोली भाड्याने घेत नाही, बूट विकत घेत नाही. आणि कांदा महागला म्हणून व्यापारी कांद्याऐवजी यंत्र आणत नाही. मजुरांच्या बाजारात हे सगळं होतं, आणि १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात झालं.

आधी झाला तो गोंधळ. कामगारमंत्री विलर्ड विर्ट्झ यांनी शाळांतल्या खेळाडू मुलांना उन्हाळी सुटीत शेतकामाला नेण्याची मोहीम काढली. वीस हजार मुलांचं उद्दिष्ट होतं. प्रत्यक्ष कामावर गेली सुमारे ३,३००. खरबुजांच्या शेतात, वाळवंटी उन्हात, पुष्कळजण थोड्याच दिवसांत परतले, काही ठिकाणी मुलांनी संप केले. पुढच्या वर्षी मोहीम गुंडाळली गेली. त्या मुलांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. ज्या छावण्या आणि जे जेवण दोन दशकं ब्रासेरोंना चालतं असं धरलं होतं, ते या मुलांच्या आईबापांनी पहिल्यांदा ऐकलं, एवढं तरी त्यातून झालं.

मग आलं टोमॅटोचं यंत्र. डेव्हिसच्या विद्यापीठात जॅक हॅना हे भाजीपाल्याचे पैदासकार चाळिशीच्या दशकाअखेरपासून यंत्राला सोसेल असा टोमॅटो घडवत होते. टोमॅटो यंत्राने तोडायचा म्हणजे वेडेपणा, असं सगळे म्हणत. हॅना यांना हवं होतं असं झाड, ज्यावरची फळं एकदमच पिकतील, हलवलं की देठापासून सुटतील आणि पट्ट्यावर आपटली तरी फुटणार नाहीत. व्हीएफ-१४५ हे वाण असं निघालं. यंत्र कोबी लोरेंझन या अभियंत्याने बांधलं आणि रिओ व्हिस्टा गावच्या ब्लॅकवेल्डर कंपनीने ते बाजारात आणलं. (सीमेवरचं भरती केंद्र वेगळं, हे कॅलिफोर्नियातलं गाव.) यंत्र अख्खं झाड जमिनीलगत कापतं, वर उचलतं, गदागदा हलवतं. फळं पट्ट्यावर पडतात. तेव्हा पट्ट्याच्या दोन्ही अंगांना यंत्रावरच उभं राहून बायका हिरवी फळं आणि मातीची ढेकळं वेचून टाकत. १९६४ मध्ये प्रक्रियेच्या टोमॅटोपैकी यंत्राने काढला जाणारा भाग शेकड्यात पाचसुद्धा नव्हता. १९६० चं दशक सरताना जवळजवळ सगळा टोमॅटो यंत्रावर होता. यंत्र परवडलं मोठ्यांना. साठच्या दशकाच्या सुरुवातीला चार हजारांच्या आसपास असलेले टोमॅटो उत्पादक १९७३ पर्यंत सहाशेवर आले.

ज्या पिकांना यंत्र नव्हतं, त्यांचं काय? शतावरी, स्ट्रॉबेरी यांसारख्या पिकांचं उत्पादन घटलं. म्हणजे माणूस गेला तिथे कुठे यंत्र आलं, कुठे पीकच गेलं. जास्त मजुरी घेऊन शेतात परतणारा अमेरिकी माणूस मात्र फारसा दिसला नाही.

हे नुसतं किश्श्यांवरून म्हणत नाही. मायकेल क्लेमेन्स, ईथन लुईस आणि हॅना पोस्टेल या तीन अर्थशास्त्रज्ञांनी त्या काळच्या सरकारी कागदांतून राज्यवार मजुरीचे आणि रोजगाराचे आकडे वेचून एकत्र केले. त्यांचा अभ्यास २०१८ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आला. ज्या राज्यांत ब्रासेरो पुष्कळ होते आणि एकदम गेले, तिथली मजुरी त्यानंतर ब्रासेरो नसलेल्या राज्यांपेक्षा वेगाने वाढली का? नाही वाढली. स्थानिकांचा शेतीतला रोजगार वाढला का? तोही नाही. आणि या राज्यांच्या शेतांत हंगामाला कामावर असलेली जवळजवळ पाच लाख माणसं कायद्याच्या एका फटक्यात बाहेर गेली होती. यापेक्षा मोठा प्रयोग कुणी मुद्दाम करायचा म्हटलं तरी जमणार नाही.

उलट दिशेने झालेला प्रयोगही सांगायला हवा. २० एप्रिल १९८० ला फिडेल कॅस्ट्रो यांनी मारिएल बंदर उघडलं आणि ज्यांना देश सोडायचाय त्यांनी सोडावा असं सांगितलं. ऑक्टोबरपर्यंत सव्वा लाख क्यूबन होड्यांतून फ्लोरिडात उतरले. त्यातले पुष्कळ मायामीतच राहिले, आणि त्या शहरातले कामकरी हात काही महिन्यांत सात टक्क्यांनी वाढले. डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये मायामीची तुलना अटलांटा, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस आणि टँपा-सेंट पीटर्सबर्गशी केली. मायामीतल्या कमी शिकलेल्या कामगारांची मजुरी घसरल्याची खूण त्यांना सापडली नाही, काळ्या कामगारांचीही नाही. २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, ते या धर्तीच्या कामासाठीच. जॉर्ज बोर्हास यांनी २०१५ मध्ये तेच आकडे पुन्हा उघडले. ते स्वतः १९६२ मध्ये क्यूबातून आलेले. त्यांनी फक्त शाळा अर्धवट सोडलेल्या, हिस्पॅनिक नसलेल्या पुरुषांकडे पाहिलं, आणि त्यांची मजुरी १० ते ३० टक्के घसरल्याचं सांगितलं. इतरांनी आक्षेप घेतला की एवढ्या बारीक गटात नमुन्यातली माणसं फारच थोडी उरतात, शिवाय नेमक्या त्याच सुमारास नमुन्यातलं काळ्या पुरुषांचं प्रमाण बदललं होतं. बोर्हास यांना हे मान्य नाही.

मला कार्ड यांची बाजू अधिक पटते. पण बोर्हास यांचा प्रश्न टाकाऊ नाही. सरासरी शाबूत राहिली म्हणून तळाचा माणूस शाबूत राहिला असं होत नाही. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजने २०१६ मध्ये सगळे अभ्यास समोर ठेवून जो अहवाल दिला, त्यातही हेच आहे: लांब पल्ल्यात एकूण मजुरीवर परिणाम फार थोडा, आणि जिथे झळ दिसते तिथे ती आधी येऊन पोचलेल्या स्थलांतरितांना आणि शाळा सुटलेल्यांना. व्हेंचुराच्या रांगेत हीच माणसं उभी होती.

मग चावेझ चुकले होते का? मला तसं वाटत नाही. ऑक्सनार्डमध्ये त्यांनी पाहिलं ते डोळ्यांसमोर घडत होतं. फक्त ब्रासेरो नसण्याचा फायदा मजुरीत आपोआप उतरला नाही, तो मजुरांना झगडून काढावा लागला. १९६५ च्या वसंतात कोचेला खोऱ्यातल्या फिलिपिनो द्राक्ष मजुरांनी ताशी एक डॉलर चाळीस सेंट मागितले. हा आकडा कुठून आला? परदेशी मजूर आणायचेच असतील तर एवढी मजुरी द्या, असा विर्ट्झ यांनी घालून दिलेला दर होता तो. पाहुण्याला एवढे, तर आम्हाला का नाही? कोचेलात मागणी मान्य झाली. डेलानोच्या मळेवाल्यांनी नकार दिला, आणि ८ सप्टेंबरला लॅरी इटलिओंग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजूर संपावर गेले. आठवडाभराने चावेझ यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना मिळाली. पूर्वी एक जमात संपावर गेली की मळेवाले दुसरी उभी करत आणि संप मोडत. या वेळी ब्रासेरो आणता येत नव्हते, आणि दोन जमाती एकत्र होत्या. पाच वर्षं लागली. देशभर लोकांनी द्राक्षं खाणं सोडलं, आणि जुलै १९७० मध्ये डेलानोच्या मळेवाल्यांनी करारावर सह्या केल्या. शेतमजुरांना १९३५ च्या कामगार कायद्यातून मुद्दाम वगळलं होतं. कॅलिफोर्नियाने त्यांना संघटनेचा हक्क १९७५ मध्ये दिला.

मराठी वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. बीड, अहिल्यानगर, जालन्याची जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघतात, आणि उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जाता येत नाही. दोन माणसं मिळून हिशेबात एक कोयता. ही माणसं आपल्याच राज्यातली आहेत, त्यांना कुणी उपरे म्हणत नाही, तरी भाव दबलेलाच. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती साखर संघ आणि मजूर संघटना समोरासमोर बसल्यावर. दरम्यान तोडणी यंत्रांना सरकारी अनुदान दिलं गेलं आहे. डेव्हिसच्या टोमॅटोची गोष्ट कारखान्याच्या संचालकांपेक्षा तोडणी मजुरांच्या पुढाऱ्यांनी नीट समजून घ्यावी, असं मला कळकळीने वाटतं.

दुसरा धागा पुण्या-ठाण्यातल्या घरांतून थेट न्यू जर्सी आणि टेक्सासला जातो. एच-१बी व्हिसा १९९० च्या कायद्यातला. वर्षाला ६५ हजार, शिवाय अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलेल्यांसाठी २० हजार, आणि मंजूर अर्जांत दहापैकी सातच्या आसपास भारतीय. यातही ‘प्रचलित वेतन’ हा शब्द आहेच. नोकरी बदलता येते, पण नव्या कंपनीने अर्ज केला तर. नोकरी गेली तर साठ दिवस. ग्रीन कार्डाच्या भारतीय रांगेत माणसाची उमेदीची वर्षं जातात, आणि तोवर पगारवाढीसाठी भांडताना जीभ अडखळते. ती अडखळते म्हणून शेजारच्या अमेरिकी सहकाऱ्याचंही नुकसान होतं, हे आपल्या लोकांनी मान्य करायला हवं. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रंप प्रशासनाने परदेशातून येणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, ते अमेरिकी रोजगार वाचवण्याच्या नावाने. पण २००४ मध्ये या व्हिसाची मर्यादा १ लाख ९५ हजारांवरून ६५ हजारांवर आली, तेव्हा काय झालं याचा अभ्यास संशोधिका ब्रिटा ग्लेनन यांनी केला आहे. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी माणसं भारतात, चीनमध्ये, कॅनडात नेमली. काम माणसामागे गेलं.

शेतीत तर जुनी योजना नव्या नावाने परतली आहे. एच-२ए हा हंगामी शेतमजुरांचा व्हिसा १९८६ पासून आहे. त्याला संख्येची मर्यादा नाही. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत या व्हिसाखाली मंजूर झालेली कामं पावणेचार लाखांहून अधिक होती, म्हणजे ब्रासेरोंच्या ऐन भराच्या काळाजवळ जाणारी. माणसं बहुतेक मेक्सिकोचीच. किमान दर सरकार ठरवतं, घर मालकाने द्यायचं, गाडीभाडंही. आणि व्हिसा एका मालकाशी बांधलेला. मालकाशी पटलं नाही तर मुक्काम घरी. अशा मजुराशेजारी काम करणाऱ्या स्थानिकाने, त्यातही कागद नसलेल्या जुन्या मजुराने, भाव वाढवून कसा मागायचा?

यावर उपाय सुचवणारं एक विधेयक प्रतिनिधिगृहाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये मंजूर केलं. त्यात एक छोटं कलम होतं. प्रयोगादाखल दहा हजारांपर्यंत मजुरांना असा व्हिसा द्यायचा, की तो एका मालकाला बांधलेला नसेल, आणि मजूर हंगामात एका शेतावरून दुसऱ्या शेतावर स्वतःच्या मर्जीने जाऊ शकेल. सेनेटने ते विधेयक दोन्ही वेळा मंजूर केलं नाही.